पोत्यांमागचं मांजर

मुळशीत मांजर कुणी आणत नाही, ते येतं. भात झोडपून झालं, पोती घरात लागली की उंदीर येतात आणि उंदरांमागं मांजर. कुणी दूध-भात घालतं, कुणी नाही घालत. मांजर आपलं राहतं, वितं, पिल्लं सात घरं फिरवतं आणि एक दिवस दिसेनासं होतं. पौडच्या पुढं धरणाच्या वाटेवर आमचं गाव आहे. लग्न होऊन आल्यापासून मी हेच बघत आले. त्यामुळं कोथरूडच्या फ्लॅटमध्ये वाढलेली चार वर्षांची मांजरी घरी आणायचं ठरलं, तेव्हा या कामातलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

तिचं नाव चिमी. नणंदेच्या शेजारच्या आजी मुलाकडं परदेशी कायमच्या गेल्या आणि चिमी मागं राहिली. पिल्लू असतं तर चार जणांनी मागितलं असतं. मोठं मांजर म्हटलं की लोक फोन ठेवतात. फेब्रुवारी 2025 मध्ये हडपसरच्या एका सोसायटीत एकाच फ्लॅटमध्ये तीनशेवर मांजरं निघाली, ती बातमी आमच्या गावापर्यंत पोचली होती. सगळे वासाचं आणि शेजाऱ्यांच्या त्रासाचं बोलत होते. माझ्या डोक्यात एकच होतं, एवढी मोठी झालेली मांजरं आता जाणार कुठं? नणंदेनं चिमीचं विचारलं तेव्हा मी हो म्हणाले ते त्यामुळंच.

टोपलीचं दार उघडलं आणि ती भाताच्या पोत्यांमागं गेली. तिथून बाहेर येईना. वाटीतलं तसंच, पाणी तसंच. बॅटरी लावली की दोन हिरवे ठिपके दिसायचे, तेवढंच. मला काही कळेना. आजारी आहे का, रुसली आहे का, आपल्याला भ्याली आहे का? विचारायला जावं तर जो तो वेगळं सांगे. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "ओढून काढ आणि मांडीवर घेऊन बस, सवय होते." चुलत दीर म्हणाले, "दार उघडं टाक, भूक लागली की फिरेल." पुतण्या दर तासाला येऊन पोती सरकवून बघायचा. गुरांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांचा हात गाई-म्हशींवर बसलेला. त्यांनी सरळ सांगितलं की मांजरांचं रोज बघणाऱ्याला विचारा, आणि पुण्यातल्या एका डॉक्टर बाईंचा नंबर दिला.

त्या बाईंनी जे सांगितलं ते ऐकून मी आणखीच गोंधळले. काही करायचं नाही, म्हणाल्या. ओढायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, टक लावून बघायचं नाही. एकच खोली द्यायची, तिचं दार लावून ठेवायचं, खाणं-पाणी एका कोपऱ्यात आणि शी-शूची जागा दुसऱ्या कोपऱ्यात. लक्ष फक्त वाटीवर ठेवायचं. दोन दिवस अन्नाला तोंडच लावलं नाही तर मात्र थांबायचं नाही, घेऊन यायचं. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि त्यातून यकृत निकामी होऊ शकतं. माणूस एकादशी करतो, मांजराला ती झेपत नाही. तेवढं मी नीट लक्षात ठेवलं.

दुसरं त्यांनी विचारलं ते उंदरांच्या औषधाचं. ते पोत्यांच्या फटीत ठेवलेलं होतंच, कुणाच्या घरात नसतं? मांजर ते खात नसलं तरी ते खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर मांजरालाही विष बाधतं. त्याच दुपारी सगळ्या वड्या वेचून काढल्या, खोली झाडून पुसून घेतली. यांना कारखान्यातून एक मोठा पुठ्ठ्याचा खोका आणायला सांगितलं. त्याला एका बाजूनं भोक पाडलं, आत जुनी गोधडी घातली. लपायला खोकं देणं म्हणजे भित्रेपणाला खतपाणी घालणं, असं मला वाटत होतं. डॉक्टर बाईंनी सांगितलं की नेदरलँड्समध्ये उट्रेख्त विद्यापीठाच्या अभ्यासकांनी निवाऱ्यात नव्यानं आलेल्या मांजरांवर हेच करून पाहिलं, 2014 साली ते छापूनही आलं. ज्यांना लपायला खोकं दिलं ती मांजरं लवकर सावरली. लपता येतं एवढ्या भरवशावरच मांजर बाहेर येतं.

खाण्याचं मात्र सोपं नव्हतं. आमच्या आई म्हणजे माझ्या सासूबाई माळकरी आहेत. घरात अंडंसुद्धा येत नाही. गावातली मांजरं दूध-भातावर जगतात असं आपण म्हणतो, पण ती वरून उंदीर, पाखरं, सरडे धरून खातात. बंद खोलीतल्या चिमीला ते कुठून मिळणार? मांजराला मांसाहार हौसेचा नाही, गरजेचा आहे. टॉरीन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो आणि तो मिळाला नाही तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं. आणि दूध? मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना ते पचतच नाही, हगवण लागते. मी हे आईंना कसं सांगावं म्हणून घुटमळत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माळ माझ्या गळ्यात आहे गं, तिच्या नाही. स्वयंपाकघरात आणू नकोस म्हणजे झालं." परसदारी पत्र्याच्या आडोशाला वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, वेगळी पळी ठेवली. तिथं बिनमिठाची, बिनमसाल्याची कोंबडी शिजू लागली. त्याच्या जोडीला आजींकडं चिमी खायची तेच पाकिटातलं खाणं. खाणं एकदम बदलायचं नाही, हेही डॉक्टर बाईंनी बजावलं होतं. पहिल्यांदा वाटी रिकामी झालेली सकाळी आईंनीच बघितली आणि मला झोपेतून उठवून सांगितलं.

वाळूचं आमच्याकडं सोयीनं जमलं. पुण्यात मांजराची वाळू पिशवीतून विकत मिळते. ती थोडी आणली आणि हळूहळू तिच्यात गिरणीवरचं भाताचं तूस मिसळत गेले. तूस आमच्याकडं वाट्टेल तेवढं. चिमीनं ते कुरकुर न करता घेतलं. फक्त पाऊस लागला की तूस दमट होतं आणि तीन-तीनदा बदलावं लागतं.

पावसाचं सांगायला हवं. ताम्हिणीकडचा पाऊस राज्यात मोठा, तिथल्या ढगांची शेपटं आमच्यावर असतात. चिमी जरा खोक्याच्या तोंडाशी येऊन बसायला लागली आणि एका रात्री पत्र्यावर असा काही पाऊस कोसळला की माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येईना. कोथरूडच्या स्लॅबखाली राहिलेल्या मांजरानं असला आवाज जन्मात ऐकला नसणार. ती परत पोत्यांमागं. वीजही गेलेली. मी अंधारात जमिनीवर बसून राहिले, तिच्याकडं पाठ करून. तिला धीर द्यावा असं फार वाटत होतं आणि तिच्याजवळ न जाणं हाच तिला धीर होता. हे समजायला सोपं आहे, करायला फार अवघड.

ती माझ्याकडं आली नाही. आईंकडं आली. आई रोज संध्याकाळी दिवा लावून माजघरात हरिपाठ म्हणतात. वेळ तीच, चाल तीच, बसायची जागाही तीच. डोळे मिटलेले, त्यामुळं मांजराकडं बघण्याचा प्रश्नच नाही. दार फटीएवढं किलकिलं ठेवायला आम्ही तेव्हा सुरुवात केली होती. एका संध्याकाळी त्या फटीत आधी मिशा दिसल्या, मग एक पंजा उंबऱ्यावर आला आणि तिथंच थांबला. बोटं फाकलेली, पुढं टाकायचा की मागं घ्यायचा हे ठरत नव्हतं. आईंचा आवाज तसाच चालू. हरिपाठ संपला, टाळ खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि पंजा आत गेला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत आला. मग दोन पंजे. मग सगळी चिमी, आईंपासून हातभर लांब, शेपूट पायांभोवती घेऊन. मला तेव्हा उमगलं की मांजराला आपली माया आधी लागत नाही. काय कधी होणार हे आधी कळावं लागतं.

डोळ्यांचं एक मीही शिकले. तिनं बघितलं की आपण डोळे अर्धवट मिटायचे, सावकाश उघडायचे आणि नजर बाजूला न्यायची. इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवून दिलं की असे डोळे मिचकावणाऱ्या माणसाला मांजरही तसंच उत्तर देतं आणि अनोळखी असला तरी त्याच्या हाताजवळ यायला तयार होतं. मी आधी संशय धरूनच करून बघितलं. चिमीनं उत्तर दिलं तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगून कळणार नाही.

आता ती सगळ्या घरात फिरते. वहिनी आल्या तर लपते, पण त्या बसल्या की दाराआडून बघते. बाहेर मात्र आम्ही तिला सोडत नाही आणि यावरून गावात माझं अजून पटत नाही. मांजर ते, बांधून काय ठेवता, असं म्हणतात. पण आमच्या मागच्या रानात बिबट्याची ये-जा आहे, बांधावर घोणस निघते, रस्त्यावर शनिवार-रविवारी ताम्हिणीला जाणाऱ्या गाड्यांची रांग. गावच्या मांजराला यातलं सगळं आईच्या पोटापासून ठाऊक असतं. चिमीला त्यातलं काही ठाऊक नाही. तिची नसबंदी झाली आहे, रेबीजची लस दरवर्षी देतो आणि पडवीला जाळी ठोकून घेतली आहे. उन्हं आली की ती तिथं पसरते.

आपल्याकडं नको झालेलं मांजर पोत्यात घालून लांब सोडून येतात. पुण्याची माणसं त्यासाठी आमच्या बाजूला येतात, आमच्या बाजूची माणसं घाटात जातात. पाळलेलं जनावर उपाशी मरायला असं सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. फ्लॅटमधलं मांजर रानात जगत नाही. ठेवणं जमणार नसेल तर नातेवाइकांत विचारा, ओळखीपाळखीत सांगा, घर मिळेपर्यंत थांबा. आणि मांजर आणायचं मनात असेल तर पिल्लू बघायला गेलात तिथं मोठं मांजर आहे का, हेही एकदा विचारा. एक खोली, एक खोकं आणि रोज ठरल्या वेळेला घरात असणारं एक माणूस एवढं असलं तरी पुरतं.