हरियलाच्या मुलखातून

नागपूर, सोमवार

ती. अण्णांस,


निघताना तुम्ही हळूच म्हणालात, ‘तिकडे हरियल मिळतो, चाखून ये.’ मिळतो खरा, पण झाडावर. आज सकाळी सेमिनरी हिल्सवर एका झाडाच्या शेंड्याला थवा उन्हं खात बसला होता. पिवळेजर्द पाय, खांद्यावर जांभळट छटा. हा आपला राज्यपक्षी, आणि 1972च्या वन्यजीव कायद्याने त्याच्या शिकारीला बंदी. तुमची फर्माईश तिथल्या तिथे रद्द केली.

ज्यांच्याकडे उतरलोय ते काका कायद्याआधी छर्र्याच्या बंदुकीने हरियल मारायचे. फळलेल्या वडाखाली उजाडायच्या आत जाऊन बसायचं. हिरव्या पानांत हिरवा पक्षी दिसतच नाही, म्हणून वर बघण्यात अर्थ नसतो, कान द्यायचा. फळं टपटप पडायला लागली की त्या फांदीवर नेम. हरियल जमिनीला पाय लावत नाही, पाण्यावर उतरताना पंजात काडी धरतो, हेही त्यांनी शपथेवर सांगितलं. मी मान डोलावली. खरं तर पाण्याला तो खुशाल खाली उतरतो, काडीबिडी काही नसते.

काकूंचं बोलणं जास्त कामाचं वाटलं. पिसं उपटायला त्रास नाही, हाताने भराभर निघतात. मांस काय ते छातीवर, तेही काळसर आणि बिनचरबीचं. आच वाढली की वातड. म्हणून कांदा, आलं-लसूण, तेल सढळ, झाकणावर पाणी ठेवून मंद विस्तवावर. आणि माणशी एक तरी लागायचाच. म्हणजे पंगतीला बसणारी जेवढी तोंडं, तेवढे जीव. एवढ्याशा घासासाठी!

रामटेक, गुरुवार

इथे खिंडसी तलावाच्या वाटेवर फासेपारध्यांचा विषय निघाला. ते फास लावून तित्तर-लाव्हे धरत आणि बाजारात विकत. दुसरीकडे, स्टुअर्ट बेकर नावाच्या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याने 1913 साली हिंदुस्थानातल्या कबुतरांवर आणि होल्यांवर अख्खं पुस्तक काढलं. त्याच इंग्रज सरकारने बंदुकवाल्याला शिकारी म्हटलं आणि पारध्याला गुन्हेगार जमातींत घातलं. तो शिक्का 1952मध्ये पुसला म्हणतात. कागदावर पुसला असेल.

काल नागपुरात सावजीकडे जेवलो. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं हे जेवण: जवसाचं तेल, खसखस, काळी मिरी, वर लालभडक तर्री. बटेरही होते, पण शेडमध्ये पाळलेले जपानी. रानातल्या लाव्ह्याला हात लावायची सोय नाही. खरं सांगू, त्या मसाल्यात बटेर काय आणि हरियल काय, जिभेला पत्ता लागणार नाही. गावरान कोंबडी मात्र त्याला पुरून उरते.

मसाल्याची पुडी घेतली आहे. मी रविवारी पोचतो. कोंबडी तुम्ही आणून ठेवा, आणि आईला सांगा, पहिल्या वेळी मसाला निम्माच घाल.

आपला,
बाळू