पुतळा हलला म्हणून इतिहास पुसत नाही

एकदा बसवलेल्या पुतळ्याला कुणी हात लावू नये, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. पुतळा काढला की इतिहास पुसला, हे मी चारचौघांत ठासून सांगायचो. डिसेंबर २०१० मध्ये पुणे महापालिकेने लाल महालातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा रात्रीत हलवला, तेव्हाही हेच म्हणालो. आज मी तसं म्हणत नाही.

मत बदललं ते माझ्या दिंडोरी गावाचा विचार करताना. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेहून परतताना शिवाजी महाराजांनी वणी-दिंडोरीच्या लढाईत दाऊदखानाच्या मोगली फौजेला धूळ चारली. हे मला कुठल्या पुतळ्याने सांगितलं नाही. बखरी आणि पत्रं धुंडाळून कुणीतरी लिहून ठेवलं, म्हणून ते माझ्यापर्यंत पोचलं. चौकातला पुतळा मान देतो, आणि मान कुणाला द्यायचा हे ठरवायचा हक्क प्रत्येक पिढीला आहे.

मुंबईत १९६५ साली एडवर्ड राजाचा अश्वारूढ पुतळा काढून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. म्हणून इंग्रजी राजवट कुणी विसरलं नाही. पुतळा आधी होता त्या जागेचं नाव काळा घोडाच राहिलं, आणि २०१७ मध्ये तिथे नवा घोडा उभा राहिला, पाठीवर स्वार नसलेला.

पण हक्क आहे म्हणून हातोडा उचलता येत नाही. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून मुठेत फेकला गेला. राग होता तो त्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकातल्या संभाजी महाराजांच्या चित्रणावर. तो राग मी समजू शकतो. मात्र गडकरी १९१९ मध्येच गेले, नाटक अपुरंच राहिलं. बखरींनी रंगवलेली संभाजी महाराजांची डागाळलेली प्रतिमा पुसली वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० च्या चरित्राने, पुढे कमल गोखले यांच्या संशोधनाने. महाराजांना न्याय मिळाला तो अस्सल कागदपत्रांच्या बळावर.

म्हणून आक्षेप असेल तर तो ग्रामसभेत, नगरपंचायतीत मांडावा. अभ्यासकांना बोलवावं, दोन्ही बाजू ऐकाव्यात, ठराव करावा. हलवायचं ठरलं तर दिवसाढवळ्या, सन्मानाने संग्रहालयात न्यावं. ठेवायचं ठरलं तर आक्षेपाची नोंद असलेली पाटी खाली लावावी. अंधारात काढलेला पुतळा, पालिकेने काढो वा जमावाने, वाद मिटवत नाही. तो वाद पुढच्या पिढीच्या माथी मारतो.