आडव्या गाड्या, सरळ माणसं

जपानमध्ये, फुकुशिमाच्या डोंगरात, गाडी मुद्दाम घसरवायला लोक जगभरातून येतात. एबिसू सर्किट नावाच्या ड्रिफ्टिंगच्या या पंढरीत घालवलेला एक भन्नाट वीकेंड!

पावसाळ्यात माळशेजला किंवा ताम्हिणीला गेलाय ना कधी? वळणावर गाडीचं मागचं टोक जरासं सटकतं, पोटात गोळा येतो, स्टिअरिंगवरचे हात आवळले जातात आणि गाण्यांच्या भेंड्या खेळणारी मागची सीट एकदम चिडीचूप! दोन सेकंदांचा मामला. आता कल्पना करा, हीच दोन सेकंदं कुणीतरी हौसेनं लांबवतंय. गाडी चक्क आडवी, मागच्या चाकांतून धुराचे लोट, आणि ड्रायव्हर मात्र बाजूच्या काचेतून पुढचा रस्ता बघत निवांत. यालाच म्हणतात ड्रिफ्टिंग.

आपल्यापैकी बहुतेकांना हा प्रकार कळला तो २००६च्या 'टोकियो ड्रिफ्ट'मुळे. त्यात टोकियोच्या झगमगत्या रस्त्यांवर आणि पार्किंगच्या गोल रॅम्पवर गाड्या नाचतात. पण खऱ्या ड्रिफ्टवाल्यांना विचारा, ते टोकियोचं नावही घेणार नाहीत. ते म्हणतील, एबिसूला जा!

आधी थोडी बुलेट ट्रेन

टोकियोतल्या निशी-कासाई भागात भारतीय आयटीवाल्यांची मोठी वस्ती आहे. माझा एक कॉलेजमित्र तिथलाच. सोमवार ते शुक्रवार कोडिंग आणि उरलेला वेळ गाड्यांचं वेड. शरद ऋतूतल्या 'ड्रिफ्ट मात्सुरी'ला जायचं त्यानंच ठरवलं. मात्सुरी म्हणजे उत्सव. आपल्याकडे जत्रा म्हणतात तसंच काहीसं, फक्त पाळण्यांच्या जागी टर्बो इंजिनं!

टोकियोहून शिंकानसेननं कोरियामा साधारण ऐंशी मिनिटांत. तिथून लोकलनं अर्ध्या तासात निहोनमात्सू, आणि पुढे गाडीनं डोंगरात. दोन्ही बाजूंना लाल-पिवळी झालेली झाडं, मध्ये भाताची कापून झालेली खाचरं, पलीकडे आदातारा पर्वत. अगदी पोस्टकार्ड!

'फुकुशिमा' म्हटल्यावर आईचा फोनवर पहिला प्रश्न होता, "अगं, तिकडे ते अणुभट्टीचं झालं होतं ना?" तर, ती अणुभट्टी समुद्रकिनाऱ्यावर आणि निहोनमात्सू आत डोंगरांकडे. मध्ये पंचावन्न-साठ किलोमीटरचं अंतर. उलट २०११च्या दुर्घटनेनंतर रिकाम्या कराव्या लागलेल्या नामिए गावाचं नगर कार्यालय काही वर्षं याच निहोनमात्सूतून चाललं. संकटात शेजाऱ्याला जागा देणारं हे गाव आहे.

चार दिशा, एक डोंगर

सर्किट म्हटल्यावर टीव्हीवर दिसणाऱ्या फॉर्म्युला वनचं चकाचक स्टेडियम डोळ्यांसमोर आणू नका. एबिसू म्हणजे एका डोंगरावर पायऱ्या-पायऱ्यांनी बसवलेले अनेक छोटे ट्रॅक. नावंही साधी. किता म्हणजे उत्तर, मिनामी म्हणजे दक्षिण, निशी म्हणजे पश्चिम आणि हिगाशी म्हणजे पूर्व. शिवाय घाटासारखा एक वळणावळणाचा तोगे कोर्स. आणि नवशिक्यांसाठी 'कुरू कुरू लँड'. कुरू कुरू म्हणजे गोल गोल! शेजारीच तोहोकू सफारी पार्क आहे. म्हणजे एकीकडे इंजिनांची डरकाळी, दुसरीकडे खऱ्याखुऱ्या सिंहांची!

या डोंगरानं एकदा सगळ्यांना चांगलाच हिसका दाखवला. १३ फेब्रुवारी २०२१ला रात्री अकरा वाजून गेले होते. फुकुशिमाच्या किनाऱ्याजवळ ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि एबिसूच्या निशी कोर्सवर अख्खी दरड कोसळली. सकाळी आलेल्या फोटोंमध्ये डांबर दिसतच नव्हतं, नुसती तपकिरी माती. नशीब इतकंच की रात्र असल्यामुळे ट्रॅकवर कुणी नव्हतं. जगभरातल्या ड्रिफ्टवाल्यांचा जीव तेव्हा टांगणीला लागला होता. आज तिथे उभं राहिलं की हे खरं वाटत नाही. माती उपसली गेली, ट्रॅक नव्यानं सुरू झाला, आणि टायरचे काळे पट्टे पुन्हा एकमेकांवर चढले. दरडींची सवय असलेल्या आपल्या घाटावरच्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

शनिवार : गोल गोल आणि धूरच धूर

मात्सुरीत शिरल्या शिरल्या नाकात जातो तो जळक्या रबराचा वास. दुसऱ्या मिनिटाला त्याची सवय होते, दहाव्या मिनिटाला तो आवडायला लागतो! पार्किंगमध्ये निस्सानच्या सिल्व्हिया, टोयोटाच्या चेझर, जुन्या स्कायलाइन. अर्ध्याअधिक गाड्यांचे बंपर चक्क प्लॅस्टिकच्या केबल-टायनी शिवलेले. दार एका रंगाचं, बॉनेट दुसऱ्या. जो तो गाडीखाली आडवा झालेला किंवा टायर बदलत बसलेला. कुणी व्हॅनमध्येच मुक्काम ठोकलाय, कुणी स्टोव्हवर रामेन उकळतंय.

सुरुवात कुरू कुरू लँडपासून. इथे काम एकच, गाडी एका जागी गोल फिरवत ठेवायची. ऐकायला सोपं, पण बघा काय होतं ते. मागची चाकं घसरली की स्टिअरिंग उलट दिशेला फिरवायचं, याला म्हणतात काउंटर-स्टिअर. बाकी सगळा खेळ ॲक्सिलरेटरचा. पाय जास्त दाबला की गाडी भोवरा होते. घाबरून पाय उचलला की टायरना एकदम पकड मिळते आणि गाडी दुसऱ्याच बाजूला फेकली जाते. घाबरल्यावर माणूस जे जे करतो, ते ते इथे चुकीचं!

माझ्या मित्रानं भाड्याची सिल्व्हिया घेतली होती. पहिल्या तासात त्यानं इतक्या गिरक्या घेतल्या की बघून मलाच गरगरायला लागलं. दर वेळी गाडी थांबायची, तो हात वर करायचा, पुन्हा सुरू. कुणी हसलं नाही, कुणी हॉर्न मारला नाही. दुपारपर्यंत दीड चक्कर सलग जमली. तेव्हा कुंपणापलीकडच्या अनोळखी जपानी पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांचा चेहरा अप्रेझलमध्ये टॉप रेटिंग मिळाल्यासारखा!

आता तुम्ही म्हणाल, आपल्या घरच्या हॅचबॅकवर हे जमेल का? नाही जमणार. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची चाकं ओढतात, मागची नुसती मागे येतात. ड्रिफ्टला इंजिनाची ताकद मागच्या चाकांवर लागते. गंमत म्हणजे आपली जुनी ॲम्बॅसॅडर आणि २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झालेली पद्मिनी टॅक्सी, या दोघी मागच्या चाकांवर चालणाऱ्याच. म्हणजे नियमानं बघितलं तर काळी-पिवळी ही ड्रिफ्टच्या जातकुळीतली!

घाटातून ट्रॅकवर

हा खेळ जन्माला आला तोही घाटातच. जपानमध्ये घाटरस्त्यांना 'तोगे' म्हणतात. सत्तरच्या दशकात कुनिमित्सू ताकाहाशी हा रेसर वळणावर गाडी सरकवत न्यायचा. ते बघून भारावलेल्या केइची त्सुचिया या पोरानं रात्री-बेरात्री तोगेवर तोच सराव केला. १९८७मध्ये त्याचे घाटातले प्रताप 'प्लसपी' नावाच्या व्हिडिओत आले आणि त्याच्या रेसिंग लायसन्सवर गदा आली. पण पोरांसाठी तो 'ड्रिफ्ट किंग' झाला! 'टोकियो ड्रिफ्ट'मध्ये गळ टाकून बसलेला एक मासेमार पोरांच्या ड्रिफ्टला नावं ठेवतो, आठवतो? तो हाच त्सुचिया.

१९९५मध्ये शुइची शिगेनो यांची 'इनिशियल डी' ही मांगा मालिका सुरू झाली. टोफू पोहोचवणारा पोरगा आणि त्याची टोयोटा एटी-सिक्स! क्रेझ घराघरांत गेली. आणि त्याचबरोबर घाटातले अपघातही वाढले. मग रस्त्यांवर उंचवटे आले, खडबडीत पट्टे आले, पोलिसांच्या फेऱ्या वाढल्या. २००१पासून 'डी-वन ग्रां प्री' ही रीतसर स्पर्धा रुजली आणि या वेडाला अधिकृत घर मिळालं. एबिसूचे सर्वेसर्वा नोबुशिगे कुमाकुबो हे स्वतः डी-वनचे चॅम्पियन राहिलेले. म्हणजे इथला मालकच वारकरी!

रविवार : मिनामीची भिंत

रविवारी सकाळी मिनामी. एबिसूचा सगळ्यात नावाजलेला कोर्स. एका चढावावरून गाडी भरधाव येते, माथ्यावरच आडवी होते आणि पिटलगतच्या काँक्रीटच्या भिंतीला जवळजवळ चाटत खाली उतरते. भिंतीमागे उभं राहून हे बघताना प्रत्येक वेळी पाय आपोआप मागे सरकतात.

एका अनुभवी ड्रायव्हरच्या शेजारी बसायची संधी मिळाली. हेल्मेट, पाच ठिकाणी आवळलेला पट्टा, भोवती लोखंडी पिंजरा. पहिल्या चढावाला मी मराठीत ओरडले, "अहो, ब्रेक मारा ना!" काकांना मराठी येत नव्हतं हे बरंच झालं. समोरच्या काचेत नुसती झाडं, आणि रस्ता कुठे, तर माझ्या डावीकडच्या खिडकीत! भिंत जवळ आली, आली, आणि गेली. बाजूला बघितलं तर काकांचे हात लोणी काढणाऱ्या बाईसारखे, एका लयीत. घाई नाही, झटापट नाही.

नंतर जोडीचे राऊंड. पुढची गाडी आडवी जाते आणि मागची तिच्या दाराला बोटभर अंतरावर चिकटून तशीच आडवी. एका जोडीत मागची गाडी पुढचीवर आदळली. काचेचा चुरा, लाल झेंडा, सगळं थांबलं. दोघं उतरले. आता जुंपणार, असं मला वाटलं. तर दोघंही कमरेत वाकले, एकमेकांना 'सुमिमासेन' म्हणाले, आणि अर्ध्या तासात चिकटपट्टी, केबल-टाय लावून पुन्हा रांगेत!

त्या वीकेंडला सगळ्यात जास्त मनात राहिली ती हीच गोष्ट. गाड्या आडव्या, पण माणसं सरळ. हेल्मेटशिवाय कुणी ट्रॅकवर नाही. झेंडा दिसला की थांबणार म्हणजे थांबणार. आपला नंबर येईपर्यंत रांग. शिस्त इतकी कडक आहे म्हणूनच इथे चुकायची मुभा आहे. चुकलात तर जास्तीत जास्त बंपर जातो, टायर जातात, खिसा हलका होतो. आठवडाभर एका चुकीच्या ई-मेलच्या धास्तीत जगणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ही चैनच वाटेल!

आपल्याकडे काय?

इकडे वेग आवडणाऱ्यांची कमी नाही. रात्री दीडनंतर वांद्रे-वरळी भागात किंवा पुण्यात कोरेगाव पार्ककडे कान देऊन बघा. पण इथे चुकीची किंमत दुसराच कुणीतरी मोजतो. मे २०२४मध्ये कल्याणीनगरला भरधाव पोर्शच्या धडकेत बाइकवरचे दोन तरुण आयटी इंजिनीअर गेले. तुमच्या-माझ्याच वयाचे, वीकेंडला बाहेर पडलेले. कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण जपानची गोष्ट सांगते की नुसत्या दंडानं पोरं घाटातून उतरत नाहीत. त्यांना उतरून जायला कुठेतरी जागा लागते.

आपल्याकडे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई आहे, कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, ग्रेटर नोएडात २०११ला उघडलेलं बुद्ध सर्किट आहे. पण मुंबई-पुण्याच्या पोराला शनिवारी सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येईल, खिशाला परवडेल, अशी जागा हवी. एबिसूला फार काही लागलं नाही. डोंगराचा एक तुकडा, डांबर, भिंत, झेंडेवाले आणि नियम. डोंगर तर आपल्याकडे ढिगानं आहेत!

जायचंय?

कसं जाल : टोकियो ते कोरियामा शिंकानसेन, पुढे तोहोकू मेन लाइननं निहोनमात्सू. स्टेशनवरून सर्किटला भाड्याची गाडी सगळ्यात सोयीची. व्हिसा आधी काढून ठेवा.

लायसन्स : आपल्या आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घेऊन जा. जपानमध्येही गाडी डावीकडूनच चालते आणि स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे अंगवळणी पडायला वेळ लागत नाही.

कधी : मात्सुरी वर्षातून काही वेळा, वेगवेगळ्या ऋतूंत भरते. तारखा बघूनच तिकिटं काढा. ड्रिफ्टसाठी भाड्याच्या गाड्या लवकर संपतात. नुसतं बघायला गेलात तरी पैसा वसूल.

राहाल कुठे : जवळच दाके ओनसेन हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आहे. दिवसभराचा धूर आणि रबर धुवून काढायला याहून झकास जागा नाही.

सोबत न्या : कानात घालायचे बोळे, जुने कपडे आणि हलकं पोट. शेजारच्या सीटवर बसणार असाल तर नाश्ता नंतर!