कुडव्याचे रंग, पाण्यात कालवलेले

गोंदिया शहरातून कुडवा नाका ओलांडला तरी शहर संपले असे वाटत नाही आणि गाव लागले असेही वाटत नाही. 2011 च्या जनगणनेत कुडव्याची गणती नगरात झाली; पण स्लॅबच्या घरांना खेटून अजून कवेलूची छपरे उभी आहेत आणि वस्ती संपताच धानाच्या बांध्या लागतात. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून जिल्ह्याच्या ठिकाणाला लागून असलेली ही वस्ती वाढतच आहे. बाहेरचा प्रवासी येथे थांबत नाही. त्याला नवेगावबांध आणि नागझिरा पाहायचा असतो. आम्ही मात्र रविवारी पिशवी खांद्याला लावून कुडव्यातच हिंडतो. आमचा पेशा कारकुनीचा, छंद जलरंगांचा.

पिशवीत फार काही नसते. शाळेची मुले वापरतात तशी रंगांची पेटी, दोन गोल ब्रश, एक चपटा ब्रश, पाण्याची बाटली, जुनी सुती चिंधी आणि जाड कागद. खर्च करायचाच तर तो कागदावर करावा. पातळ कागद पाण्याने फुगतो, रंग डबक्यासारखा साचतो आणि शिकणाऱ्याला वाटते की आपला हातच वाईट. रंग बारा असले तरी आमचे काम चार-पाचांवर भागते. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा भाजल्या विटेसारखा रंग एकत्र कालवला की नाना तऱ्हेचे करडे मिळतात. पावसाचे आभाळ, गिरणीचा धूर, जुन्या कवेलूवरचे शेवाळ, सारे त्यातून निघते. गोंदिया तांदळाच्या गिरण्यांचे शहर. गिरणीमागच्या तुसाच्या ढिगाला यलो ऑकर पुरतो.

जलरंगाचा एक कायदा ध्यानात ठेवावा. येथे पांढरा रंग कागदाचाच असतो. उन्हात चमकणारी गंजाची कड पांढरी हवी असेल तर तेवढी जागा आधीपासून कोरी राखावी लागते. म्हणून फिक्याकडून गडदाकडे जायचे. पेन्सिलीने हलके रेखाटन, मग डोळे किलकिले करून उजेड कोठे आणि सावली कोठे ते पाहणे, मग पाणीदार पहिला हात. तो वाळला की दुसरा, आणि शेवटी दारामागचा अंधार किंवा सायकलीची सावली. मे महिन्यात येथे ब्रश उचलेपर्यंत रंग वाळतो. तेव्हा सकाळी साडेसहालाच बसावे आणि कागद आधी ओला करून घ्यावा. जुलैत उलट. बाहेर रोवणी चालू असते आणि पहिला हात अर्धा तास वाळत नाही. मग तेवढा वेळ बांधीवरच्या बायांशी गप्पा होतात आणि गाव कळते.

गेल्या वर्षी ओळखीच्या एका मावशींच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो. त्या बिड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने, तंबाखू, दोरा, कात्री. आम्ही सूप रेखाटू लागलो तेव्हा त्या हसल्या. "हे काय काढता जी? सूप काय काढाची वस्तू आहे? चांगली साडी नेसून येतो, मग काढा." आम्ही म्हटले, आज सूपच काढू द्या, आणि पानाचा रंग तुम्हीच सांगा. त्यांनी दोन पाने उजेडात धरली. कोरडे पान पिवळट, भिजवलेले काळपट हिरवे. कापायला भिजवलेलेच चालते, कोरडे तडकते. हजार बिड्यांमागे मजुरी मोजणाऱ्या त्या हाताला रंगातला एवढा फरक ठाऊक होता. चित्र पूर्ण झाल्यावर त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "बोटं बी काढा." पुढच्या रविवारी आम्ही बोटे काढली. साडी घरातलीच होती.

साध्या घरातले चित्र मोठे होत नाही असे कोणी म्हणेल. सावंतवाडीत 1882 साली जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचे हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. अनेकांना ते राजा रविवर्म्याचे वाटते. ते हळदणकरांचे आहे, जलरंगात आहे, आणि समोर उभी होती त्यांची स्वतःची मुलगी. कोणती राणी नव्हती.

वाचकहो, हे सारे सांगण्याचे कारण एवढेच की समोरच्या वस्तू झपाट्याने चालल्या आहेत. गोंदिया-जबलपूर छोटी लाईन मोठी झाली. कवेलू उतरून टिना चढत आहेत. आपल्या आयांनी ज्या सुपावर, ज्या शिलाई मशीनवर घर चालवले त्यांचे चित्र दुसरा कोणी येऊन काढणार नाही. फोटो निघतात, पण मोबाईलबरोबर हरवतात. तासभर पाहून काढलेले सूप मात्र मूल विसरत नाही. त्या तासात त्याला आईचे काम दिसलेले असते.

"चित्रे काढून पोट भरते काय?" असे आपल्या घरात मुलांना सर्रास विचारले जाते. पोटासाठी दुसरे काम करावे, आम्हीही करतो. पण शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांना मुलांना जरूर बसवावे. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीत मिळतात. त्या परीक्षेत वस्तुचित्र असते. सरावासाठी मडके विकत आणण्याची गरज नाही. घरातला गडवा, दोन कांदे आणि आजीची चप्पल खिडकीशी मांडा, उजेड एकाच बाजूने येऊ द्या आणि मुलाच्या हाती ब्रश द्या.