घासातली गोडी

ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात घातला की प्रथम तो जवळजवळ बेचवच लागतो. पण गिळण्याची घाई न करता तो दाढांखाली सावकाश चावत राहिल्यास त्यातून एक मंद गोडी उमलू लागते, आणि ती मुळात भाकरीत नसून चावणाऱ्याच्या तोंडातच घडत असते. धान्यातील पिष्ट, म्हणजे शर्करेच्या असंख्य कणांची लांबलचक साखळी, जिभेला गोड लागत नाही. परंतु लाळेतील टायलिन हे विकर, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारे प्रथिन, भाजल्याने मऊ झालेली ती साखळी तोडून माल्टोज नावाची सौम्य गोड शर्करा मोकळी करते.

कानांपुढील, जबड्याखालील आणि जिभेखालील ग्रंथींच्या तीन जोड्या दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवतात. तिच्यात सुमारे ९९ टक्के पाणीच असते. तरीही त्या पाण्यावाचून चव नाही, कारण जिभेवरील रुचिकलिका, म्हणजे चव ओळखणाऱ्या पेशींचे सूक्ष्म गुच्छ, केवळ विरघळलेल्या पदार्थाचीच दखल घेतात. पुसून कोरड्या केलेल्या जिभेवर ठेवलेली खडीसाखर म्हणूनच ओल सुटेपर्यंत गोड लागत नाही. चावण्याने घासाचे बारीक कण होऊन लाळ सर्वत्र भिनते, तसेच लसणीचा वा भाजलेल्या दाण्यांचा सुटलेला गंध घशामागच्या वाटेने नाकात चढतो आणि चव पुरी होते. जांभळाचा तुरटपणाही लाळेशीच जोडलेला आहे: फळातील टॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधून टाकते, तोंडाचा ओशट गुळगुळीतपणा ओसरतो आणि जीभ खरखरीत वाटू लागते.

वाग्भटांच्या 'अष्टांगहृदय' या आयुर्वेदग्रंथाने जिभेच्या ठायी असलेल्या 'बोधक' कफाकडे, म्हणजे रसाचे ज्ञान करून देणाऱ्या ओलाव्याकडे, चव जाणवून देण्याचे हेच कार्य सोपवले आहे. चरकसंहितेतील आहारविधीही अतिघाईने जेवू नये असे सांगतो.

उतारवयात अनेक औषधांमुळे लाळ आटते, तेव्हा अन्न बेचव लागते ही वडीलधाऱ्यांची तक्रार चोचल्यांची नसते. त्यांच्या ताटात तिखटमीठ वाढवण्याआधी वरण, ताक, कढी असे ओले काही वाढावे आणि घास चावायला त्यांना पुरेसा वेळ द्यावा.