खेळाडूला कोच, आम्हाला कोण?
सोलापुरात मानसशास्त्र शिकते म्हटलं की लोक विचारतात, “दवाखाना कुठं काढणार?” मैदानाचं कुणी विचारत नाही. मला मात्र मैदानच हवंय.

नाशिकचे भीष्मराज बाम मुळात पोलीस अधिकारी. त्यांनी अंजली भागवतपासून राहुल द्रविडपर्यंत अनेकांच्या मनाची तयारी करून घेतली. 2017 साली ते गेले. त्यांच्या पुस्तकांतून एकाग्रता समजते. पण मॅचआधी मळमळणाऱ्या मुलीशी किती बोलायचं, कधी गप्प बसायचं, हे जाणत्या माणसाशेजारी बसूनच शिकता येतं.

तोवर मी पार्क मैदानाच्या कडेला बसून फक्त ऐकते, सल्ला देत नाही. शिकवणारं कुणी इथं आलं नाही, तर मला पुणं गाठावं लागेल. या मुली मात्र इथंच राहतील.