ओळख देणारा इसम

मी बी.कॉम. आहे आणि गेली वीस वर्षे बँकेत कारकुनी करतो आहे. यंत्रांशी माझा संबंध एवढाच, की ती बंद पडली की काउंटरसमोरच्या रांगेला 'सर्व्हर डाउन आहे' असे सांगायचे. हे वाक्य मी इतक्या गंभीरपणे म्हणतो, की सर्व्हर हा माझ्या नात्यातलाच कोणी अंथरुणाला खिळलेला इसम असावा असे लोकांना वाटते. एका म्हाताऱ्याने तर 'डॉक्टर काय म्हणतत?' असे विचारलेही होते.

अशा माणसाने व्हिडिओ कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायला जाणे म्हणजे गांधीलमाश्यांच्या पोळ्यात आपण होऊन हात घालणे. पण वेळच तशी आली.

आमच्या नांदगावच्या घरी (कोकण रेल्वेवर 'नांदगाव रोड' लागते ते, नाशिककडचे निराळे, त्याचा संबंध पुढे येणार आहे) चतुर्थीला गणपतीपुढे गाऱ्हाणे घालायचे काम वडिलांचे असे. गाऱ्हाणे म्हणजे देवाकडे तोंडी केलेला अर्ज. गावच्या देवांपासून घराण्याच्या मूळपुरुषापर्यंत सगळ्यांची हजेरी घ्यायची, चुकलेमाकले पदरात घ्यायला सांगायचे, घरातल्या एकेकाची अडचण नावानिशी मांडायची, आणि दर वाक्याला जमलेल्या मंडळींनी 'व्हय म्हाराजा' म्हणून अनुमोदन द्यायचे. वडील २००९ साली गेले आणि हे खाते माझ्याकडे आले. वडिलांचे गाऱ्हाणे पंधरा मिनिटे चाले, माझे दीड मिनिटात आटोपते. निम्म्या देवांची नावे मला आठवत नाहीत, त्यांना मी 'इतर सर्व' या सदरात टाकतो. 'चार वाक्यांत देवाक काय कळतला?' हा आईचा दरवर्षीचा शेरा.

वडिलांचे अख्खे गाऱ्हाणे मात्र एका टेपवर होते. २००४ साली मस्कतहून आलेल्या मामाने जपानी कॅमेरा आणला होता, मिनी डी.व्ही. जातीचा. त्यात काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी कॅसेट बसे आणि तासभर चित्रण होई. त्या चतुर्थीला चित्रण मी केले होते. पुढे मामा परत गेला, कॅमेरा आमच्या ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या सहवासात राहिला. ट्रंकेत पावसाळे मोजत नाहीत, पण टेपेला बुरशी धरते हे मला कोणीतरी सांगितले आणि मी जागा झालो.

कॅमेऱ्याला यू.एस.बी.चे एक भोक होते. मी तार आणली आणि लॅपटॉपला जोडली. लॅपटॉपने 'टिंग' केले आणि 'अनोळखी उपकरण' अशी पाटी लावली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, ड्रायव्हर हवा."

"डायवर कित्याक व्हयो?" आई आतून म्हणाली. "गाडी खंय जातली?"

आता ड्रायव्हर म्हणजे काय हे चिरंजीवांनी मला तीनदा समजावले. मला समजले ते माझ्या भाषेत सांगतो. पूर्वी बँकेत खाते उघडायला ओळख देणारा लागायचा. तुम्ही प्रत्यक्ष देहाने समोर उभे असा, रेशनकार्ड दाखवा, रडून दाखवा. 'मी यांस ओळखतो' अशी जुन्या खातेदाराची सही नसेल तर आमच्या लेखी तुम्ही नव्हताच. ड्रायव्हर हा तो सही करणारा. मी कित्येक गरीब लोकांना 'ओळख घेऊन या' म्हणून परत पाठवले आहे. त्या लॅपटॉपपुढे बसलो असताना त्यांतले बरेच चेहरे आठवले.

कॅमेऱ्याबरोबर आलेली ड्रायव्हरची सी.डी. सापडली. लॅपटॉपला सी.डी. घालायची जागाच नव्हती. शेजाऱ्याच्या मशीनवर घातली, तर ती फक्त विंडोज ९८, २००० आणि एक्सपी यांनाच ओळखत होती. ओळख देणारा मिळाला, पण त्याचे स्वतःचेच खाते बंद! शिवाय चिरंजीवांनी आणखी एक शोध लावला, की या कॅमेऱ्याच्या यू.एस.बी.तून काढलेले फोटो येतात; टेपेवरचे चित्र जसेच्या तसे हवे तर शेजारच्या बारक्या भोकातूनच घ्यावे लागते. त्याला म्हणतात फायरवायर. शास्त्रोक्त नाव आय ट्रिपल ई १३९४, मुंज १९९५ सालची. लेजरच्या पानाचा नंबर असावा असे हे नाव मला एकदम पटले.

तालुक्याच्या एका दुकानात फायरवायरची यू.एस.बी. करणारी तार साडेतीनशेला मिळाली. "चालेल ना?" विचारले, तर दुकानदार "चालायला पाहिजे" म्हणाला. या उत्तरावर कोणीही पैसे देऊ नयेत. दोघांची बोलायची भाषाच वेगळी. नुसती टोके बदलून काय होणार? मालवणी माणसाला कोट चढवला म्हणून तो इंग्रजी बोलू लागत नाही. ती तार आज परसात दोडक्याचा वेल बांधायला आहे.

मग २०१३ साली हप्त्याने घेतलेला डेस्कटॉप माळ्यावरून उतरवला आणि फायरवायरचे कार्ड पोस्टाने मागवले. ते आधी नाशिक जिल्ह्यातल्या नांदगावला जाऊन आले. त्या नांदगावचे एक लग्नपत्र २०१५ साली आमच्याकडे आले होते, त्याची परतफेड झाली. कार्ड बसले. विंडोज १० ने त्याला ओळखलेही, 'उपकरण व्यवस्थित चालू आहे' असा दाखलाही दिला. फक्त कॅमेरा दिसेना. सरकारी दाखल्याची सवय असल्यामुळे मला नवल वाटले नाही.

यावर चिरंजीव दोन रात्री बसले. निघाले ते असे, की विंडोज ७ पासून या फायरवायरसाठी नवा ड्रायव्हर आला. जुना काही दिवस सोबत होता, पुढे तो वेगळा आणून बसवावा लागू लागला. काही जुन्या कॅमेऱ्यांचे नव्याशी जमत नाही. जुना आणायचा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जायचे आणि यादीतून हाताने त्याची निवड करायची. त्याच्या नावापुढे एक शब्द होता : लेगसी.

"म्हणजे?" मी विचारले.

"वारसा."

वीस वर्षे मी मयत खातेदारांचे अर्ज तपासतो आहे. वारस दाखला लागणार हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवे होते.

ड्रायव्हर बसला आणि तरीही कॅमेरा दिसेना. आम्ही तारा हलवल्या, मशीन तीनदा बंद-चालू केले, सौ.ने उदबत्ती लावली. इतका वेळ दारात उभी असलेली आई पुढे आली. "तुझो मामा आदी हो खटको फिरवी," म्हणाली, आणि कॅमेऱ्याची चकती चित्रणावरून टेप वाजवण्याच्या खुणेवर आणली. 'टिंग' झाले.

टेप कॉम्प्युटरमध्ये चढायला टेपेइतकाच वेळ लागतो. तासाला तास, आणि जागा खाते सुमारे तेरा गिगाबाइट. पावसाचे दिवस, आमच्याकडची वीज, म्हणून जीव मुठीत धरून बसलो. चित्र आले. चित्रात वडील नव्हतेच. चित्रणकार अस्मादिक 'झूम'वर खूश असल्यामुळे पडद्यावर नुसती माटवी. नारळ, शेवाळ लागलेले वासे, पुन्हा नारळ. पण आवाज स्पष्ट होता. एकही देव न गाळता वडील खाली उतरत होते, आणि मी पासबुकाच्या पाठीवर नावे लिहून घेत होतो. मग घरच्या माणसांची पाळी आली.

"ह्या माझ्या झिलाक हिशेब येता, पण अक्कल जरा उशिरान येता. तेका सांबाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज कॅमेऱ्याजवळच्या माणसाचा होता. म्हणजे माझा. मी झूम करत होतो. कशाला होकार देतो आहे हे मी तेव्हा ऐकलेलेच नव्हते.

माझ्या हातातले पेन थांबले. मागे आई हात जोडून उभी होती, तीही हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

टेप संपायला अजून चाळीस मिनिटे होती. डोळे पुसून आई स्वयंपाकघराकडे वळली आणि सौ.ला म्हणाली, "डायवर इलो मा? तेका पयली चाय दी."